तेवीस नंबर हजर

लेकीच्या दहावीच्या वर्गात मी चार-पाच महिने बसले. तिच्या नंबरावर बसले, तिच्या आवाजात बसले, आणि एका शनिवारी तर तिचा गणवेश घालून बसले. लाज वाटायला पाहिजे होती. वाटली, पण फार उशिरा, आणि तीही वेगळ्याच कारणानं.

आम्ही उदगीरचे. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत माझं शिलाई मशीन, आतल्या खोलीत गॅस, भांडी, कपाट आणि लेकीचं दप्तर. नवरा मोंढ्यात एका अडत दुकानावर कामाला. लॉकडाऊन लागला तसा मोंढा कधी बंद, कधी दोन तास चालू, आणि नवरा बाकीचा सगळा दिवस दारापुढच्या ओट्यावर आडवा. तिथून पडल्या पडल्या घर चालवायचा. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते मी त्या वर्षी जवळून बघितलं.

शाळा बंद होती, पण शाळेचे नियम बंद नव्हते. उलट शाळा उघडी असताना आले नसतील तेवढे नियम मोबाइलवर येऊन पडले. अकराच्या तासाला पाच मिनिटांच्या आत आपला हजेरी क्रमांक लिहायचा आणि पुढं 'हजर' लिहायचं. तासात मधेच मॅडम कुणाचाही नंबर पुकारतील, तेव्हा माईक चालू करून तोंडी उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर लिहिलेली हजेरी रद्द. आठवड्यात तीन गैरहजेऱ्या झाल्या की पालकांना फोन. शनिवारी गणवेश घालून कॅमेऱ्यासमोर बसायचं. आणि खाली टीप: विद्यार्थी अंथरुणात किंवा जेवताना आढळल्यास गैरहजर समजलं जाईल. मी लेकीला म्हणलं, बाई गं, शाळेत असताना तुम्ही मागच्या बाकावर डबे खाताव, तेव्हा कुणी आडवलं न्हाई, आन् आता घरात खायला बंदी?

घरात मोबाइल एकच, तो माझा. लेक तो भांड्यांच्या फळीवर डब्याला टेकवून ठेवायची आणि समोर पाटावर बसायची. बसायची म्हणजे अंगानं बसायची. डोळे बाहेरच्या खोलीत, माझ्या मशीनवर. कारण तेव्हा मशीन थांबत नव्हतं. शेजारच्या गल्लीत एक खाला राहतात, त्यांच्याच हाताखाली मी लग्नानंतर शिवण शिकले. त्या कापडी मास्कची कामं आणायच्या, गठ्ठेच्या गठ्ठे, आणि निम्मे माझ्याकडं पाठवायच्या. पोरीला त्या कामाचं असं वेड लागलं की विचारू नका. मी जेवायला उठले की ही मशीनवर. चार दिवसांत तिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालायला लागला. माझीच पोरगी, पण खरं ते खरं.

पहिली चोरी ठरवून झाली नाही. तास चालू होता, ही मधेच उठून मशीनवर जाऊन बसली, आणि बॉबिनचा दोरा गुंतवून ठेवला. आतून आवाज आला, "तेवीस? तेवीस नंबर?"

"मम्मी, तूच बोल की!" ही म्हणाली. "माझा हात अडकलाय."

मी पिठाच्या हातानं बटण दाबलं. "हजर मॅडम."

"तेवीस, काटकोन त्रिकोणात कर्ण कोणता?"

आता बघा, तिथंच मोबाइल पोरीकडं न्यायला पाहिजे होता. पण माझं तोंड माझ्या आधी बोललं. "काटकोनाच्या समोरची बाजू, मॅडम. सगळ्यात लांब."

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या, आणि पुढं गेल्या.

कुणाला काही कळलं नाही. कळणार कसं? आमच्या दोघींचा आवाज एकच. मुदखेडची माझी नणंद फोन करते तेव्हा सासूची अर्धी गाऱ्हाणी लेकीला सांगून होतात, मग ही म्हणते, "आत्या, मी हाय, मम्मीला देऊ का?" पण मला त्या दिवशी आवाजाचं काही वाटलं नाही. माझ्या कानात ते 'शाब्बास' बसलं होतं. भाकरी थापताना तीनदा ते मनात म्हणून बघितलं. शेवटची भाकरी करपली.

ते का, ते सांगते. मी निलंग्याकडच्या एका खेड्यातली. मीही दहावीपर्यंत पोचले होते. माझा हजेरी नंबर अकरा. दिवाळीनंतर माझं लग्न ठरलं आणि आठ दिवसांत झालंही. शाळेचं कुणी काही विचारलं नाही, मलाही नाही. पहिल्यांदा माहेरी आले तर शाळेतली मैत्रीण हसत हसत सांगायला लागली, "तुझं नाव अजून पटावर हाय गं! गुरुजी रोज अकरा म्हणतेत, आन् आम्ही सगळ्याजणी एका सुरात गैरहजर म्हणताव. लई मजा येती." मीही तिच्यासंगं हसले. मग गोठ्याच्या मागं जाऊन पोटभर रडले. वर्ष संपेपर्यंत त्या पोरी रोज मला गैरहजर म्हणत राहिल्या असतील. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तर दुसऱ्या दिवशी लेकीनंच व्यवहार मांडला. "मम्मी, तू शाळा कर. मी मास्क करते."

मी तिला असं झाडलं की ओट्यावरून नवऱ्यानं विचारलं, काय झालं म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडलं, जरा कमी. तिसऱ्या दिवशी मॅडमनी समरूप त्रिकोण काढायला घेतले, आणि मी म्हणलं, बरं, आजच्या दिवस.

तो 'आजचा दिवस' चार-पाच महिने चालला.

आमची पद्धत बसली. अकराला आतल्या खोलीचं दार ओढून घ्यायचं. आत मी, पाटावर, लेकीची वही मांडीवर. बाहेर ती, मशीनवर. ओट्यावरच्या माणसाला मशीनची घरघर ऐकू यायची आणि आतून मॅडमचा आवाज, म्हणजे सगळं जागच्या जागी. तो तिथूनच ओरडायचा, "अगं, चहा ठेव की!" आणि लेक मशीन न थांबवता, हुबेहूब माझ्या त्रासलेल्या आवाजात म्हणायची, "ठेवते की वो! हात रिकामे हायेत का माझे?" तो पुन्हा आडवा. मला आत हसू आवरायचं नाही. आपण नवऱ्याशी कशा बोलतो ते मला तेव्हा कळलं.

बाकीच्या विषयांना लेक आपली बसायची. माझं भूमितीवर मन. आणि भूमिती मला नवी नव्हतीच, हे मला तिथं बसल्यावर कळलं. घेराचा फ्रॉक कापायला शिकवताना खालांनी मला सांगितलं होतं, "कमर का छठा हिस्सा लेव, उसमें से चुटकीभर कम करो." वीस वर्षं मी तसंच कापत आले. का ते खालांनाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. मॅडमनी वर्तुळाचा धडा घ्यायच्या आधी मागची उजळणी घेतली. परीघ म्हणजे दोन गुणिले पाय गुणिले त्रिज्या. दोन पाय म्हणजे सहा आणि वर थोडं. मी वहीवर पेन्सिल ठेवून तशीच बसले. सहा आणि वर थोडं! म्हणून सहावा हिस्सा, आणि त्यातून चुटकीभर कमी! मी तास सोडून उठले, मास्क लावला, शेजारच्या गल्लीत पळत गेले आणि खालांना दारातूनच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मैं तो कब से बोलरी. तेरी मॅडम कू अब मालूम पड्या क्या?"

घरपाठाचे फोटो, आकृतीशेजारी पट्टी ठेवून, काढून पाठवायचे असायचे. ते काम माझंच. अक्षर मी लेकीसारखं वळणदार काढायचे, आकृत्या सुरेख काढायचे. तरी मॅडमचा शेरा ठरलेला: "कृती बरोबर. पण प्रत्येक आकृती मापापेक्षा मोठी का?" त्रिज्या साडेतीनची सांगितली की माझं वर्तुळ चारचं. त्रिकोण सहाचा सांगितला की सातचा. मी पट्टी बघूनच काढायचे, तरी दर टोकाला अर्धा जास्त. मी उत्तर लिहिलं, "कंपास ढिला आहे मॅडम." मॅडमनी लिहिलं, "पट्टीही ढिली आहे का?" त्याला मी अंगठा दाखवणारं चित्र पाठवून दिलं. दुसरं काय पाठवणार?

आता तो शनिवार. वर्तुळावर तोंडी परीक्षा आणि नियमाप्रमाणं कॅमेरा चालू. आदल्या दिवशी मी लेकीला विचारलं, "स्पर्शिका म्हंजे काय, सांग."

"तीच की, जीवा."

"आन् जीवा म्हंजे?"

"स्पर्शिका."

मी कपाळावर हात मारला. पण तिला शिकवत बसायच्या ऐवजी मी काय केलं? तिच्या गणवेशाच्या कमीजची दोन्ही अंगं उसवली, आत कापड होतं तेवढं सोडलं, आणि माझ्या मापाची करून घेतली. वर कमीज, त्यावर ओढणी, खाली घरातला परकर; कॅमेऱ्याला तेवढं खालचं दिसत नाही. दोन वेण्या, वर बांधून लाल रिबिनी. तोंडाला मास्क. मॅडमनी मास्कचं विचारलंच, तेव्हा मी ठरवून ठेवलेलं म्हणाले, "घरात शिवणाची गिऱ्हाइकं येतेत मॅडम, म्हणून मम्मी काढू देत न्हाई." आई किती काळजीची, नाही?

सगळं सांगितलं. जीवा सांगितली, स्पर्शिका सांगितली, स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्या स्पर्शिकेला लंब का, तेही सांगितलं. शेवटचं वाक्य बोलत होते आणि दार उघडून नवरा पाणी प्यायला आत आला.

तो उभा, मी पाटावर. त्यानं आधी रिबिनी बघितल्या, मग परकर बघितला, मग मोबाइल. मी डोळ्यांनीच सांगितलं, बोलाल तर बघा. त्यानं माठातून तांब्या भरून घेतला, भिंतीला टेकून पीत उभा राहिला, आणि तास संपेपर्यंत तिथंच थांबला.

बटण बंद केल्यावर म्हणाला, "ही काय थेरं करायलीस?"

"हजेरी लावायले."

"पोरीची?"

मी म्हणलं, "पोरीचीच. माझी तुमच्या लग्नानं बुडाली."

मला वाटलं आता भडका उडणार. पण तो खाली बसला. "मला तर वाटलं होतं तू नापास झालीस म्हणून शाळा सोडवली. तुझ्या बापानं तसंच सांगितलं होतं."

अहो, मला राग आला तो असा! नापास? मी? वर्गात दुसरा नंबर होता माझा. "वीस वर्षांत एकदा विचारायचं तरी मला!" मी ओरडले. रिबिनी लावलेल्या बाईनं भांडलेलं फार शोभत नाही, पण मी भांडून घेतलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "आज चहा मी ठेवतो." ठेवला. पातेलं उतू घालवलं, पण ठेवला.

दिवाळी झाली आणि शाळा उघडायचा हुकूम आला, नववी-दहावीसाठी. पुन्हा नियमांची रांग. एका बाकावर एकच विद्यार्थी. विषम नंबर एका दिवशी, सम नंबर दुसऱ्या दिवशी. मास्क सक्तीचा. हजेरी मात्र सक्तीची नाही. पालकाची लेखी संमती असेल तरच मुलाला वर्गात घेणार. सोबत संमतीपत्राचा कागद, खाली पालकाच्या सहीची रेघ. आणि तो कागद पालकानं स्वतः शाळेत आणून द्यायचा.

ती सही म्हणजे माझी शाळा संपली. मोबाइलवरचा तास बंद, पाट बंद, शाब्बास बंद. मी तो कागद मशीनच्या झाकणाखाली ठेवून दिला आणि तीन दिवस त्याच्याकडं बघितलं नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हणलं, "करोना अजून गेला न्हाई, पोरीच्या जिवाशी खेळ नको." बघा, तोंड किती गोड असतं माणसाचं. संमती सक्तीची नाही म्हणजे मी नाही म्हणू शकत होते. मला कुणी विचारलंही नसतं. त्या वर्षी नाही म्हणणाऱ्या आया पुष्कळ होत्या, आणि त्यांना खरी भीती होती. मला भीती होती ती दुसरीच.

तिसऱ्या दिवशी लेक वही घेऊन बसलेली दिसली. मॅडमनी सरावासाठी पाठवलेलं पहिलंच गणित होतं, अगदी सोपं, कर्ण काढायचं. ती कागदाकडं बघत होती आणि नखं कुरतडत होती. मला म्हणाली, "मम्मी, हे मला येत न्हाई." पुन्हा म्हणाली, "मला काहीच येत न्हाई गं."

तेव्हा मला लाज वाटली. गणवेश घालून फसवलं त्याची नाही. गुरुजींच्या पटावर मी गैरहजर होते, कारण दुसऱ्यांनी माझी शाळा घेतली. आता मी माझ्या पोरीची घेतली होती, आणि वर तिला मास्क शिवायला बसवून तिचं कौतुक करत होते. मी झाकण उचललं, कागद काढला, सही केली. ती काही आनंदानं केली नाही. मला फार वाईट वाटत होतं.

"मग तुझं काय?" लेकीनं विचारलं.

"माझं काय, मास्क हायेत की." आणि नंतर आम्ही दोघी एका वहीवर कर्ण काढत बसलो. मी शिकवलं. तिला आलं.

सोमवारी फाटकावर ही रांग. शिपाई प्रत्येकाच्या कपाळावर ते बंदुकीसारखं यंत्र धरायचा, मग सॅनिटायझर, मग पुढं. लेक आत गेली. कागद घ्यायला टेबलामागं एक मॅडम बसल्या होत्या, आणि आवाजावरून मी ओळखलं, या आपल्याच. लातूरच्या, भाषा एकदम स्वच्छ. मी कागद सरकवला आणि तोंड उघडायचं नाही असं ठरवलं.

"हजेरी क्रमांक?"

मी बोटांनी दोन आणि तीन दाखवले.

"ताई, तुम्हाला बोलता येतं. चांगलं येतं," मॅडम म्हणाल्या. "स्पर्शिका त्रिज्येला लंब का, ते एवढं स्वच्छ सांगितलंत तुम्ही."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपार झाली. मी म्हणलं, "आवाजावरून कळलं का मॅडम?"

"आवाज नाही हो. तुमची वर्तुळं." त्यांनी मोबाइल काढून माझाच घरपाठ माझ्यापुढं धरला. "माझी आई पण शिवण करायची. आकृतीला चारी बाजूंनी अर्धा सेंटीमीटर शिलाईला सोडणारी पोरगी मी अजून बघितली नाही. मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं."

मी बघितलं, तर खरंच. प्रत्येक आकृतीभोवती शिलाईपुरती जागा. वीस वर्षांचा हात. कापड असो नाहीतर कागद, मापावर कापतच नाही. मला हसावं का जमिनीत गडप व्हावं ते कळेना.

"मग सांगितलं का न्हाई?"

मॅडमचा आवाज एकदम चढला. "रोज वाटायचं, सांगावं. मग वाटायचं, उद्या सांगू. वर्गात नीट ऐकणारी तुम्ही एकट्याच होतात. पण ताई, पोरीचं नुकसान केलंत. माझीही चूक झाली, मी गप्प बसायला नको होतं. आता तिचं तिनं केलं पाहिजे. ती घरी असेल त्या दिवशी मोबाइलवर तास घेणारच आहे मी; पुन्हा तेवीस नंबरवर तुमचा आवाज आला, तर मी मुख्याध्यापकांकडं जाईन."

"न्हाई येणार मॅडम," मी म्हणाले. रागही आला, कारण सगळं खरं बोलत होत्या. मागच्या बाई खोकल्या, रांग पुढं सरकली, आणि मी घरी आले.

मंगळवारी सम नंबरांची शाळा, विषमवाले घरी. घरी राहणाऱ्यांचा तास मॅडम दुपारी चारला मोबाइलवर घेणार होत्या. लेक पाटावर बसली, स्वतः, पुस्तक उघडून. मी बाहेर मशीनवर. दार उघडंच होतं. आता ओढून घ्यायचं काही कारण नव्हतं. पण मशीनवर पाय काही चालेनात माझे. दोरा ओवायच्या निमित्तानं मी आत जाऊन लेकीच्या मागं उभी राहिले.

मॅडम फक्त विषम नंबर पुकारत होत्या. "एकवीस?" "हजर मॅडम." "तेवीस?"

"हजर मॅडम," लेक म्हणाली. तिचा आवाज माझ्यासारखा नाही, असं मला पहिल्यांदाच वाटलं. जरा पातळ आहे.

त्रेचाळीस झाला, पंचेचाळीस झाला. वर्गात पोरं सगळी मिळून सेहेचाळीस, म्हणजे हजेरी संपली. मी बाहेर जायला वळले.

"सत्तेचाळीस?"

 एक पोरगं म्हणालं, "मॅडम, पंचेचाळीसच्या पुढं विषम कुणी न्हाई."

"मला माहीत आहे. तू गप्प बस," मॅडम म्हणाल्या. "सत्तेचाळीस नंबर? पुकारल्यावर उत्तर आलं नाही तर गैरहजेरी पडते. नियम आहे."

लेकीनं मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. ओट्यावरून नवऱ्यानं चहासाठी हाक मारली, आणि मग, काय समजलं त्याला कोण जाणे, उठला. दारात येऊन उभा राहिला. माझ्या एका हातात सुई तशीच होती. दुसऱ्या हातानं मी बटण दाबलं.

"हजर, मॅडम," मी म्हणाले. माझ्याच आवाजात म्हणाले, जरा मोठ्यानंच, आणि या वेळी मला गैरहजर म्हणणारं कुणी नव्हतं.